तोडलेलं जंगल परत येतं का?



परिसर अभ्यासाच्या तासाला जंगलतोडीचा विषय निघाला की वर्गात एक उत्तर तयारच असतं. "बाई, एक झाड तोडलं तर दोन झाडं लावायची." मुलं ते इतक्या जोरात म्हणतात की आपणही पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण चौथीतल्या एखाद्याने "मग दोन झाडं लावली की जंगल परत येतं का?" असं विचारलं, तर काय सांगणार? मी पूर्व विदर्भात शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जातात. त्यांना जंगल आणि झाडांची रांग यातला फरक पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कळतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा नीट द्यावं, या हेतूने हा लेख लिहिते आहे. उदाहरण सागाचं घेतलं आहे, कारण आपल्या देशात तोड आणि लागवड या दोन्हींचा सगळ्यात लांब इतिहास सागाचाच आहे. आणि त्याची सुरुवात होते ती मुंबईच्या गोदीतून.

जहाजं आणि साग

सागाचं लाकूड पाण्याने कुजत नाही, वाळवी त्याच्या नादी लागत नाही, वाळल्यावर फारसं वाकत नाही. इंग्लंडमध्ये जहाजं ओक झाडाच्या लाकडाची बांधत. नेपोलियनच्या काळातल्या लढायांमध्ये ओक कमी पडू लागला, तेव्हा इंग्रजांची नजर मलबारच्या सागावर गेली. मुंबईच्या गोदीत पारशी वाडिया घराण्यातले कारागीर जहाजं बांधत होते. १८१७ साली त्यांनी पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जुनी, आणि लाकूड मलबारचं! हे मुलांना सांगून पाहा, सागाचं महत्त्व समजवायला दुसरं काही बोलावं लागत नाही.

पण एकेका जहाजाला शेकडो मोठी झाडं लागतात. १८०६ साली कंपनी सरकारने कॅप्टन वॉटसन याला मलबारच्या जंगलांचा पहिला संरक्षक अधिकारी नेमलं. नाव 'संरक्षक', काम मात्र गोदीला साग पुरवणं. स्थानिक लोकांवर आणि व्यापाऱ्यांवर इतकी बंधनं आली की तक्रारी वाढत गेल्या आणि १८२३ मध्ये ते पदच रद्द झालं. पुढे १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि रुळांखाली घालायच्या स्लीपरची मागणी सुरू झाली. साग, साल, देवदार, जे टिकाऊ ते सगळं रुळांखाली जाऊ लागलं.

बी उगवेना

मलबारचा कलेक्टर कोनोली याच्या लक्षात आलं की हे असंच चाललं तर साग संपणार. त्याने १८४० च्या दशकात केरळातल्या निलंबूर इथे सागाची लागवड सुरू केली. ही जगातली सगळ्यात जुनी साग लागवड मानली जाते. पण सुरुवातीला बीच उगवेना. पेरणी केली, वाट पाहिली, वाफे रिकामेच.

यामागचं कारण मुलांना हातात फळ देऊन दाखवता येतं. सागाचं फळ म्हणजे बोराएवढी, लवदार, टणक गोळी. आत चार कप्पे असतात, आणि बी त्या कप्प्यांत लपलेलं असतं. वरचं कवच इतकं जाड की साध्या पेरणीने पाणी आत पोचायला फार वेळ लागतो. जंगलात हे काम ऊन, पाऊस, वाळवी आणि वणवा मिळून करतात, पण सावकाश. काही फळं पहिल्या पावसात उगवतात, काही पुढच्या, काही कधीच नाही. रोपवाटिकेत एवढी वाट कोण पाहणार? म्हणून फळं रात्रभर भिजत घालायची, दिवसभर कडक उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, असं आठ-पंधरा दिवस करतात. आलटून पालटून फुगल्याने आणि आकसल्याने कवच ढिलं पडतं.

निलंबूरला हे तंत्र बसवलं आणि लागवड प्रत्यक्ष उभी केली ती चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने. वर्षानुवर्षं रोपं तयार करून घेणं, लावणं, राखणं हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालं. त्यांची समाधीही निलंबूरलाच आहे. नाव मात्र लागवडीला कोनोलीचं लागलं. दुसऱ्या महायुद्धात यातली बरीच झाडं तोडली गेली, आणि उरलेला जेमतेम सव्वादोन हेक्टरचा तुकडा कायमचा राखून ठेवला. केरळच्या सहलीत मुन्नारच्या चहाबरोबर हा तुकडाही पाहता येतो. शेजारीच सागाचं संग्रहालय आहे.

पुढे रोपवाटिकांमध्ये आणखी एक सोपी पद्धत रूढ झाली. आमच्याकडे वनमजूर तिला 'जडी' लावणं म्हणतात, कागदावर 'स्टंप' लिहितात. वाफ्यात वर्षभर वाढलेलं रोप उपटायचं, वरचं खोड जवळजवळ सगळं छाटून बोटभर ठेवायचं, खाली वीतभर सोटमूळ ठेवायचं, बारीक मुळ्या काढून टाकायच्या. उरतो तो अंगठ्याएवढ्या जाडीचा, गाजरासारखा तुकडा. पावसाच्या तोंडावर पहारीने भोक पाडून हा तुकडा त्यात बसवायचा आणि माती दाबायची. पान नाही, फांदी नाही. पाहणाऱ्याला वाटतं वाळकी काडी रोवली. पण अन्न साठवलेलं असतं मुळात, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत वरच्या बोटभर खोडातून कोंब फुटतो.

खोडवा उसाचाच नव्हे

आता एक गंमत बघा. शेतकऱ्याच्या मुलाला विचारा, ऊस तोडल्यावर काय येतं? "खोडवा!" हे उत्तर लगेच मिळेल. जंगलातल्या कितीतरी झाडांचा असाच खोडवा येतो. साग, ऐन, पळस, धावडा, कोकणातला किंजळ, ही झाडं कापली की खोडाच्या बुडातून फुटवे निघतात. तेंदूची तर मुळंच जागोजागी वर कोंब काढतात. जुन्या झाडाची मुळं खोलवर गेलेली, त्यात अन्नाचा साठा आणि पाण्याची सोय तयार. त्यामुळे फुटवा पहिल्याच पावसाळ्यात माणसाएवढा होऊ शकतो. बियापासून उगवलेल्या रोपाला तेवढं व्हायला अनेक वर्षं लागतात.

मात्र त्यासाठी तोड नीट झाली पाहिजे. जमिनीलगत, धारदार हत्याराने, थोडा उतार ठेवून, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजणार नाही. साल फाटता कामा नये, कारण कोंब सालीखालून येतात. तोड उन्हाळ्याआधी पानं गळायच्या काळात झाली तर बरी, कारण तेव्हा अन्न मुळांत उतरलेलं असतं. नंतर एका बुंध्यावर दहा-बारा फुटवे आले तर त्यातला एखाद-दुसरा जोमदार ठेवून बाकीचे काढतात. आणि पहिली काही वर्षं गुरं आत जाता कामा नयेत. शेळीने शेंडा खाल्ला की फुटवा झुडपासारखा पसरतो, झाड होत नाही.

सगळीच झाडं असं करत नाहीत. हिमालयातला देवदार किंवा चीड कापला की बुंधा मरतो. तिथे जंगल परत हवं असेल तर काही बीजवृक्ष उभे ठेवावे लागतात, नाहीतर डोंगर उघडा पडतो. पावसाळी सदाहरित जंगलात आणखी वेगळी अडचण आहे. तिथल्या कित्येक झाडांचं बी वाळलं की मेलं. फणसाची आठळी किंवा जांभळाचं बी तुम्ही डब्यात घालून पुढच्या वर्षी पेरलंत तर उगवणार नाही. त्यांना पडल्या पडल्या ओल आणि सावली लागते. मोठी झाडं एकदम तोडली तर ऊन थेट जमिनीवर येतं, आणि सह्याद्रीत मग चांदाड्यासारखी उन्हाला धावणारी झाडं, नाहीतर रानमोडी आणि घाणेरी तेवढी माजतात.

कोकणातल्या वाचकांना हे नवीन नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात खासगी रानं ठरावीक वर्षांनी तोडतात आणि ती पुन्हा फुटतात. आजोबांच्या काळात तोडीत जास्त अंतर असे, हेही घरोघरी ऐकायला मिळतं. अंतर कमी होत गेलं की मुळांतला साठा भरायला वेळच मिळत नाही. दरवेळी फुटवे बारीक, दरवेळी काही बुंधे मेलेले. बँकेत पगार जमा व्हायच्या आधीच पैसे काढत राहिलो तर काय होईल, तसंच हे.

खिशातल्या बियांची गोष्ट

या फुटव्याच्या तंत्राशी एका माणसाची गोष्ट जोडलेली आहे. तमिळनाडूत पोल्लाचीजवळ अनामलाईच्या डोंगरात टॉपस्लिप नावाचं ठिकाण आहे. डोंगरमाथ्यावरून सागाचे ओंडके उतारावर सोडून देत, ते घसरत खाली येत, म्हणून हे नाव. खाली आलेले ओंडके पुढे मुंबईच्या गोदीसाठी आणि नंतर रेल्वेसाठी जात. एवढी तोड झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगर बराच उघडा पडला होता.

तिथे ह्यूगो वुड नावाचा इंग्रज वनाधिकारी आला. त्याने सरसकट तोड थांबवून बुंधे राखण्यावर आणि फुटव्यांवर भर दिला. आणि असं सांगतात की तो रोज फिरायला जाताना कोटाच्या खिशात सागाचं बी भरून नेई, हातातली काठी जमिनीत टोचून भोक पाडी आणि त्यात बी टाकी. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. एका माणसाच्या खिशातून डोंगर हिरवा होत नाही, त्यामागे शेकडो मजूर, चौकीदार आणि तिथल्या आदिवासींचे हात असतात, हे मुलांना जरूर सांगा. १९३३ मध्ये वुड वारला. त्याची कबर त्याच्या इच्छेप्रमाणे टॉपस्लिपच्या सागांमध्येच आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की स्मारक पाहायचं असेल तर सभोवार पाहा. आज हा भाग व्याघ्र प्रकल्पात येतो.

किती तोडायचं हे आधी मोजायचं

ब्रह्मदेशात १८५६ पासून ब्रँडिस नावाच्या जर्मन वनस्पतितज्ज्ञाने सागाचं जंगल मोजायला घेतलं. हत्तीवर बसून ठरावीक रेषेने जायचं आणि वाटेत दिसणारी सागाची झाडं जाडीप्रमाणे गटांत मोजायची. पावसापाण्यात कागद टिकणार नाही म्हणून तो काठ्यांवर चाकूने खुणा करी, प्रत्येक गटाची काठी वेगळी. यातून त्याला कळे की आत्ता किती झाडं तोडण्याजोगी आहेत, आणि त्यांच्या जागी दरवर्षी किती नवी झाडं त्या जाडीला पोचतील. तोड त्या हिशोबात ठेवायची. म्हणजे व्याजावर जगायचं, मुद्दल खायचं नाही. १८६४ मध्ये तो भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. गणिताच्या तासाला वारंवारता सारणी शिकवताना हे उदाहरण मी वापरते. मुलं शाळेच्या आवारातल्या झाडांचा घेर दोरीने मोजतात आणि गटात खुणा करतात. शिकवायला इतकी सोपी आणि खरी सारणी मिळणार नाही.

ब्रँडिसची दुसरी पद्धत मात्र दुधारी होती. करेन नावाचे डोंगरी लोक जंगलाचा तुकडा साफ करून तिथे भात घेत, मग दुसरीकडे जात. त्यांना सांगितलं गेलं, भात घ्या पण त्याच्या ओळींमध्ये साग पेरा. दोन-तीन वर्षांनी ते पुढे जात, मागे साग उभा राही. याला 'टाँग्या' म्हणतात. लागवड स्वस्तात होई. पण पूर्वी तोच तुकडा काही वर्षांनी पुन्हा त्या माणसांच्या शेतीला मिळत असे, आता तो सरकारी सागवन झाला. जंगल परत आलं, पण ते कुणाला परत मिळालं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

लागवड आणि जंगल

आता मूळ मुद्द्याला येऊ. दोन-दोन मीटरवर साग लावला तर एका हेक्टरात किती रोपं बसतील? शंभर मीटरच्या बाजूत पन्नास, म्हणून पन्नास गुणिले पन्नास, २,५०० रोपं. (हे गणित पाचवीला द्या.) ती दाटी झाली की ठरावीक वर्षांनी विरळणी करतात, म्हणजे वाकडी, बारीक झाडं काढतात. साठ-सत्तर वर्षांनी शेवटच्या तोडीपर्यंत शे-दोनशे झाडंच उरतात. म्हणजे "आम्ही अडीच हजार झाडं लावली" आणि "तिथे अडीच हजार झाडांचं जंगल आहे" ही दोन वाक्यं अगदी वेगळी आहेत.

महाराष्ट्रात १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झालं. त्या काळात देशभर विचार असा होता की कमी उत्पन्न देणारं मिश्र जंगल काढून तिथे किमती लाकडाची लागवड करावी. त्याप्रमाणे पूर्व विदर्भात बरंच मिश्र जंगल तोडून साग लावला गेला. सागाला मी नावं ठेवत नाही. आपल्या घराच्या चौकटी त्याच्याच आहेत, आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी गेलेलं सागवान आमच्या भागातल्या बल्लारपूरचंच. लाकूड लागणारच, आणि ते लागवडीतून आलं तर उभ्या जंगलावरचा भार हलका होतो. माझं म्हणणं एवढंच की त्या रांगांना जंगल म्हणताना थोडं थांबावं.

मिश्र जंगलात काय असतं ते आठवून बघा. मार्च-एप्रिलला मोह टपकतो. त्याच सुमारास चारोळी पिकते. मे महिन्यात तेंदूचं पान आणि टेंभरं. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि रानभाज्या. बेहडा, हिरडा, धावड्याचा डिंक. अस्वलापासून आमच्या वर्गातल्या मुलांपर्यंत सगळ्यांचं वर्षाचं ताट यातून भरतं. नुसत्या सागाच्या रांगेतून साठ वर्षांनी लाकूड मिळतं, तेही मालकाला. मधल्या काळात त्या गावाने काय खायचं?

मातीचंही असंच. लोकांना वाटतं, झाड म्हणजे माती धरून ठेवणार. सागाचं पान सुपाएवढं असतं. त्यावर पावसाचे थेंब साचून मोठे होतात आणि उंचावरून खाली पडतात. खाली गवत, झुडपं, पालापाचोळा असेल तर काही बिघडत नाही. पण उन्हाळ्यात वणव्याने पाचोळा जळून गेला असेल आणि खालची झुडपं साफ केलेली असतील, तर तेच थेंब उघडी माती उडवतात. चांगल्या उंच सागाखाली धुपून उघडी पडलेली मुळं पाहिली की याचा अर्थ लागतो. आणि सगळी झाडं एकाच जातीची, एकाच वयाची असली की किडीची चंगळ. पावसाळ्यात सागाची पानं जाळीसारखी झालेली तुम्ही पाहिली असतील. अळ्या हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या सोडतात.

शिवाय वयाचा प्रश्न उरतोच. धनेश पक्षी म्हाताऱ्या, जाड झाडाच्या ढोलीत घरटं करतो. मादी आत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. वीस वर्षांच्या झाडाला अशी ढोली नसते. ढोली नाही म्हणून धनेश नाही. धनेश नाही म्हणजे फळांच्या बिया दूरवर टाकणारा एक जण कमी. तोडलेल्या जागी जंगल आपोआप परत येण्यासाठी नेमका तोच लागतो! म्हणून तोडलेल्या जागेच्या जवळ जुन्या जंगलाचा तुकडा शिल्लक आहे का, यावर खूप काही ठरतं. आपल्या देवराया इथे कामाला येतात. गावाजवळ देवराई असेल तर ती त्या परिसराची बियांची कोठारंच समजा. पक्षी, वटवाघळं, माकडं तिथून बी आणून टाकत राहतात.

सरकारी आकडे वाचतानाही हे लक्षात असू द्या. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून वनक्षेत्र मोजतं. एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर झाडांची सावली दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती जागा 'वनाच्छादन' म्हणून धरली जाते, मग झाडं कुठलीही असोत आणि जमीन कुणाचीही असो. म्हणजे निलगिरीची लागवड आणि आमराईही त्यात येऊ शकते. मोजणीची ती एक पद्धत आहे, चूक नाही. पण "वनक्षेत्र वाढलं" अशी बातमी आली की कुठलं जंगल वाढलं, हे विचारायची सवय मुलांना लागायला हवी. तसंच खाणीसाठी किंवा धरणासाठी जंगल दिलं की बदल्यात दुसरीकडे लागवड करावी लागते. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून ही व्यवस्था घडत गेली. कागदावर हेक्टर जुळतात. गडचिरोलीतला मोह आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या माळावरचं दोन फुटांचं रोप मात्र एकमेकांची जागा घेत नाहीत.

मग करायचं तरी काय?

बऱ्याचदा सगळ्यात चांगलं उत्तर असतं, आधी थांबून बघणं. जमिनीत जिवंत बुंधे आणि मुळं आहेत का? सागाची, ऐनाची किती तरी रोपं वर्षानुवर्षं गवतात दबलेली असतात. दर उन्हाळ्यात वणव्याने किंवा चराईने वरचा भाग जळतो, खालचं मूळ मात्र जाड होत राहतं. अशा ठिकाणी खड्डे खणून नवी रोपं लावण्यापेक्षा चार-पाच वर्षं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि वणव्यापासून राखण एवढं केलं तरी रान उठतं. खर्च कमी, आणि येणारी झाडं तिथलीच. फोटोत मात्र हे दिसत नाही. उद्घाटनाला फीतही कापता येत नाही. म्हणून हे काम मागे पडतं, असं मला वाटतं. जिथे मातीच वाहून गेली आहे, बुंधे नाहीत, जवळ बीजवृक्ष नाहीत, तिथे लावणंच भाग आहे. तिथेही एकाच जातीची रांग नको, त्या भागातली मिश्र झाडं हवीत.

राखण कोण करणार, हा खरा प्रश्न. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये गावाने स्वतःच्या अधिकारात बांबू विकायला सुरुवात केली. बांबू तोडायचा नियम गावात पोरांनाही माहीत असतो. यंदाचे कोवळे कोंब तोडायचे नाहीत, जुने बांबू काढायचे, आणि बेट पूर्ण कापायचं नाही. कारण पुढच्या पावसात येणारे वास्ते जमिनीखालच्या कंदातून येतात, आणि कंदाला अन्न द्यायला वर काही हिरवे बांबू उभे हवेत. इथे तोड आणि वाढ एकाच वेळी चालू असते. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानेही जंगल हे महसुलाचं साधन नाही, आधी पर्यावरण आणि त्यावर जगणाऱ्यांच्या गरजा, असं मान्य केलं होतं.

शाळेत करण्याजोगं काही हवं असेल तर वनमहोत्सवाच्या आठवड्याची वाट पाहू नका. रस्त्याकडेला किंवा बांधावर तोडलेल्या झाडाचा बुंधा शोधा. त्याला किती फुटवे आलेत ते मुलांकडून दर महिन्याला मोजून वहीत लिहून घ्या, एखाद्याला काट्याचं कुंपण करा आणि एक उघडा ठेवा. दिवाळीपर्यंत शेळीने काय केलं ते दिसेल.

आणि सागाच्या फळांचा प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करा, तेव्हा झाडाखाली फळं पडलेली सापडतात. वीस फळं नुसती पेरा. वीस फळं पंधरा दिवस रात्री भिजवून दिवसा वाळवा, मग दुसऱ्या कुंडीत पेरा. दोन्ही कुंड्या पूर्ण उन्हात ठेवा, माती ओलसर असू द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला शेजारच्या घरातलं एखादं मूल नेमा, आमच्याकडे या कामासाठी भांडणं होतात. एका फळातून कधी दोन-तीन रोपंही निघतात, तेव्हा फळं किती आणि रोपं किती हे वेगवेगळं लिहायला सांगा. शाळा सुरू झाल्यावर मुलं विचारतील, "बाई, ज्यांना कोंब आलाच नाही ती मेली का?" कुंडी रिकामी करू नका. झाकून ठेवा आणि पुढच्या पावसापर्यंत थांबा, त्यातली काही दुसऱ्या वर्षीही उगवतात.